घड्याळाच्या कामासाठी मीटर कोणता घ्यावा?



घड्याळात सेल टाकणे, पट्टा बसवणे, भिंतीवरच्या घड्याळाचे मशीन बदलणे ही कामे घरातल्या एका टेबलावरही होतात. जागा थोडी लागते, भांडवल थोडे लागते आणि हात बसला की दिवसातले दोन-तीन तास पुरतात. पेण आणि रोह्याच्या बाजाराला आसपासच्या गावांतून माणसे येतातच. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी आले की कपाटातली बंद घड्याळेही बाहेर निघतात. त्यामुळे हे काम शिकावे असे काही गटांतल्या महिलांना वाटते, आणि ते रास्त आहे.

"घड्याळ म्हणजे पुरुषांचं काम" असे कोणी म्हटले तर एक उदाहरण सांगा. तामिळनाडूत होसूर इथे टायटनचा घड्याळांचा कारखाना आहे. त्या भागात मायराडा या संस्थेच्या मदतीने बचत गटांतल्या महिलांनी 'मेडो' नावाची स्वतःची कंपनी उभी केली आणि टायटनसाठी घड्याळाचे पट्टे जोडण्याचे काम घेतले. बारीक काम, स्वच्छ हात आणि धीर लागतो. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत.

पण या धंद्यात एक तक्रार हमखास येते. गिऱ्हाईक परत येते आणि म्हणते, "ताई, चार महिन्यांपूर्वी तुम्हीच सेल टाकला होता. पुन्हा बंद पडलं. सेल डुप्लिकेट टाकलात काय?" अशा वेळी आपल्याकडे पुरावा नसेल तर दोनच वाटा उरतात. भांडायचे, नाही तर आपल्या खिशातून दुसरा सेल टाकून द्यायचा. दुसरा सेलही चार महिन्यांत संपला तर गिऱ्हाईक जाते आणि बाजारात नावही जाते. योग्य मीटर असेल तर पहिल्याच दिवशी कळते की दोष सेलचा आहे की घड्याळच वीज जास्त खाते आहे. म्हणून मीटर विकत घेताना काय बघायचे, ते या लेखात समजून घेऊ.

घड्याळात वीज काय काम करते

सगळ्यात आधी घड्याळ कोणत्या जातीचे आहे ते बघा. चावीचे किंवा हातावर हलून चालणारे ऑटोमॅटिक घड्याळ असेल तर त्यात वीजच नसते. आपल्या वडीलधाऱ्यांकडचे 'एचएमटी जनता' हे चावीचे घड्याळ. त्याला मीटर लावून काही कळणार नाही.

सेलवर चालणाऱ्या काट्याच्या घड्याळाला क्वार्ट्झ घड्याळ म्हणतात. त्यात चार मुख्य गोष्टी असतात. सेल वीज देतो. क्वार्ट्झचा छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ते कंप मोजते आणि दर सेकंदाला विजेचा एक छोटा धक्का कॉइलला देते. कॉइल म्हणजे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्या धक्क्याने छोटी मोटर एक पाऊल फिरते आणि काटा पुढे सरकतो.

घड्याळ बंद पडले तर विजेच्या बाजूने तीन संशयित असतात:

१. सेल संपला आहे.
२. कॉइलची तार तुटली आहे.
३. सर्किटमध्ये ओल, मळ किंवा बिघाड आहे, त्यामुळे वीज गळते आहे.

या तिघांनाही मीटर पकडतो, पण प्रत्येकासाठी माप वेगळे. सेलसाठी व्होल्ट, कॉइलसाठी ओम आणि गळतीसाठी मायक्रोअँपिअर. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी किती उंचीवर आहे, म्हणजे पाण्याला दाब किती, तो झाला व्होल्ट. नळ किती अरुंद आहे, तो झाला ओम. नळातून किती पाणी वाहते, तो झाला अँपिअर. मायक्रोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दहा लाखावा भाग.

तिन्ही तपासण्या ठीक आल्या आणि तरी काटा हलत नसेल, तर चक्रांमध्ये मळ किंवा वाळलेले तेल असते. ते मीटरचे काम नाही, साफसफाईचे आहे.

पहिले माप: सेल

हातघड्याळात बहुतेक वेळा सिल्व्हर ऑक्साइडचा छोटा सेल असतो. त्यावर एसआर ६२६ असे काही लिहिलेले असते. बाजारात त्यालाच ३७७ नंबर म्हणतात. त्याचे व्होल्टेज १.५५. अगदी त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो, तो एलआर ६२६, म्हणजेच एजी ४. तो स्वस्त असतो, पण त्यात वीज कमी साठते आणि व्होल्टेज हळूहळू उतरत जाते. डिजिटल घड्याळात बऱ्याचदा सीआर २०१६ किंवा सीआर २०३२ असा लिथियमचा ३ व्होल्टचा सेल असतो. भिंतीवरच्या घड्याळात साधा १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल.

इथे एक गोम आहे. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल आयुष्यभर जवळजवळ १.५५ वरच राहतो आणि संपत आला की एकदम खाली येतो. त्यामुळे नुसता मीटर टेकवून १.५४ दिसले म्हणजे सेल नवा, असे समजू नका. त्याच्यावर थोडे ओझे टाकून बघावे लागते. त्यासाठी २.२ किलो-ओमचा एक रेझिस्टर पुरतो. हे ओझे साधारण घड्याळाच्या कॉइलएवढेच असते. मीटरच्या दोन्ही पिना सेलला लावलेल्या असताना तो रेझिस्टरही सेलच्या दोन टोकांना दोन-तीन सेकंद लावा. आकडा १.५ च्या आसपास टिकला तर सेलमध्ये दम आहे. १.३ च्या खाली घसरला तर सेल बदला. जास्त वेळ लावून ठेवू नका, चांगला सेलही उगाच संपेल.

या कामासाठी मीटरवर २ व्होल्टची रेंज हवी. चकतीवर ती २००० एम अशी लिहिलेली असते, म्हणजे २००० मिलिव्होल्ट. या रेंजवर १.५४७ असा किंवा १५४७ असा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा दिसतो. २० व्होल्टच्या रेंजवर तोच सेल १.५४ किंवा १.५५ एवढाच दिसतो. लिथियमचा ३ व्होल्टचा सेल मात्र २० च्या रेंजवरच मोजायचा, कारण तो २ च्या रेंजमध्ये मावत नाही.

दुसरे माप: कॉइल

सेल काढून ठेवायचा आणि मीटर ओमवर आणायचा. ओमचे चिन्ह घोड्याच्या नालेसारखे दिसते. कॉइलच्या दोन टोकांना जिथे डाग दिला आहे, तिथेच पिना अलगद टेकवायच्या. वेटोळ्यावर पीन कधीही लावू नका. तार इतकी बारीक असते की एका ओरखड्याने तुटते आणि चांगले घड्याळ आपल्या हातून बिघडते.

बऱ्याच हातघड्याळांत कॉइल १ ते ३ किलो-ओमच्या दरम्यान असते. प्रत्येक मशीनचा खरा आकडा कंपनीच्या तांत्रिक पत्रकात दिलेला असतो. मशीनचा नंबर यंत्रावर बारीक अक्षरात कोरलेला असतो, तो भिंगातून वाचून पत्रक शोधता येते. मीटरवर ओएल आले किंवा डावीकडे नुसता १ दिसला तर तार तुटलेली आहे. आकडा पत्रकापेक्षा खूप कमी आला तर वेटोळी आतल्या आत एकमेकांना चिकटली आहेत. दोन्ही वेळा सेल बदलून उपयोग नाही. ते गिऱ्हाइकाला सेल टाकण्याआधी सांगता येते.

यासाठी २ किलो-ओम आणि २० किलो-ओम या दोन रेंज पुरतात, आणि त्या बहुतेक सगळ्या मीटरवर असतात.

तिसरे माप: घड्याळ किती वीज खाते

मीटर निवडताना खरी परीक्षा इथे आहे. चांगले हातघड्याळ सरासरी एक-दीड मायक्रोअँपिअर एवढीच वीज घेते. आता हिशोब बघा.

एसआर ६२६ सेलमध्ये साधारण २८ मिलिअँपिअर-तास वीज असते, म्हणजे २८,००० मायक्रोअँपिअर-तास. घड्याळ १.५ मायक्रोअँपिअर घेत असेल तर २८,००० भागिले १.५ म्हणजे सुमारे १८,६०० तास. दिवसांत ते ७७५ च्या आसपास, म्हणजे दोन वर्षांहून थोडे जास्त. तेच घड्याळ ओलीमुळे १० मायक्रोअँपिअर घेऊ लागले तर २८,००० भागिले १० म्हणजे २,८०० तास. दिवस होतात ११७, म्हणजे जेमतेम चार महिने.

चार महिन्यांनी परत आलेल्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीत सेल अस्सल असूनही हेच घडलेले असू शकते. फरक आहे तो दीड आणि दहा यांचा. आपल्या मीटरला हा फरक स्पष्ट दिसला पाहिजे.

आता मीटरची चकती बघा. अँपिअरच्या भागात सगळ्यात लहान रेंज कोणती आहे? काही स्वस्त मीटरवर सगळ्यात लहान रेंज २००० मायक्रोअँपिअरची असते. मायक्रोचे चिन्ह म्हणजे डावीकडे खाली शेपूट असलेला इंग्रजी यू. या रेंजवर मीटर १, २, ३ असे पूर्ण आकडेच दाखवतो. दीड दाखवायची सोयच नाही. शिवाय शेवटचा आकडा एक-दोनने इकडेतिकडे होतो. म्हणजे घड्याळ दीड घेत असताना ० दिसेल, नाही तर ३ दिसेल. असा मीटर या कामाला उपयोगी नाही.

आपल्याला हवी २०० मायक्रोअँपिअरची रेंज. तिच्यात ०.१ पर्यंत आकडा दिसतो. चकती न फिरवता आपोआप रेंज बदलणारा मीटर असेल तर त्याच्या माहितीपत्रकात बघा, मायक्रोअँपिअरमध्ये तो ०.१ पर्यंत दाखवतो का. दाखवत असेल तर चालेल.

बारीक आकडा आणि खरा आकडा

शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे लगेच समजेल. टेपवर मिलिमीटरच्या रेघा असल्या तरी टेप ओढून सैल झाली असेल तर माप चुकतेच. रेघा बारीक आहेत म्हणून माप खरे होत नाही. मीटरचेही तसेच आहे. पडद्यावर किती आकडे दिसतात ही एक गोष्ट आणि ते आकडे किती खरे आहेत ही दुसरी.

खरेपणा माहितीपत्रकात लिहिलेला असतो, उदाहरणार्थ 'अधिक-उणे ०.५ टक्के आणि २ आकडे'. याचा अर्थ असा. सेल १.५५० व्होल्ट दिसला. त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ०.००८. शेवटच्या जागेचे २ आकडे म्हणजे २ च्या रेंजवर ०.००२. दोन्ही मिळून ०.०१. म्हणजे खरे व्होल्टेज १.५४ ते १.५६ च्या मध्ये कुठेतरी आहे. सेल तपासायला एवढे भरपूर झाले.

तोच सेल २० च्या रेंजवर मोजला तर शेवटचे २ आकडे म्हणजे ०.०२. चूक जवळजवळ तिप्पट होते, सुमारे ०.०३. मीटर तोच, सेल तोच, फक्त रेंज चुकली. म्हणून ज्या रेंजमध्ये माप मावते त्यांतली सगळ्यात लहान रेंज वापरायची. तांदूळ मापताना पायली वापरतो तशी जिरे मापायला वापरत नाही, तसेच हे.

मायक्रोअँपिअरसाठी बऱ्याच मीटरांवर 'अधिक-उणे १ टक्का आणि २ आकडे' असे काही लिहिलेले असते. १.५ मोजताना चूक होते सुमारे ०.२. म्हणजे खरा आकडा १.३ ते १.७ च्या मध्ये. दीड आणि दहा यांतला फरक ओळखायला हे पुरेसे आहे. यासाठी खूप महाग मीटर लागत नाही.

दुकानात काय बघायचे

साधे मीटर दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात आणि चांगले मीटर काही हजारांपर्यंत जातात. दर बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. मुंबईला जाणे होत असेल तर ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या राज्यातल्या कंपन्याही मीटर बनवतात. नाशिकच्या रिषभ आणि मोटवाने, नवी मुंबईची मेको. कंपनी कोणतीही असो, पुढची यादी हातात ठेवा:

• व्होल्टमध्ये २ व्होल्ट किंवा २००० मिलिव्होल्टची रेंज आहे का?
• मायक्रोअँपिअरमध्ये २०० ची रेंज आहे का, किंवा ०.१ पर्यंत आकडा दिसतो का?
• ओममध्ये २ किलो आणि २० किलो आहे का?
• माहितीपत्रक आहे का आणि त्यात प्रत्येक रेंजचा खरेपणा लिहिला आहे का? पत्रकच नसेल तर मीटर घेऊ नका.
• अँपिअरच्या भोकाला फ्यूज आहे का? तसा फ्यूज बाजारात सुटा मिळतो का?
• पिनांची टोके सुईसारखी बारीक आहेत का? जाड असतील तर बारीक पिना वेगळ्या मिळतात.
• पक्के बिल आणि वॉरंटी मिळते का?

दुकानदार क्लॅम्प मीटर दाखवेल, तारेभोवती चिमटा लावून मोजणारा. तो मोठ्या विजेसाठी असतो, घड्याळाचा मायक्रोअँपिअर त्याला दिसत नाही. 'ट्रू आरएमएस' असे लिहिलेल्या मीटरला जास्त पैसे सांगतील. ते घरातल्या एसी विजेच्या मापाशी संबंधित आहे. आपले काम डीसीचे, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. जुन्या काट्याचा मीटरही टाळा. सेलसारख्या नाजूक ठिकाणी तो स्वतःच वीज ओढतो आणि बारीक आकडा नीट वाचता येत नाही.

मीटर खरा आहे का, घरच्या घरी पडताळा

भाजी, मासळी विकणाऱ्या भगिनींना माहीत आहे, तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. मल्टिमीटरवर असा शिक्का सहसा नसतो. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून प्रमाणपत्र मिळते, पण त्याचा खर्च आपल्या लहान मीटरला परवडेलच असे नाही. थोड्या पैशांत पडताळणी घरीही होते. त्यासाठी १ टक्का खरेपणाचे तीन रेझिस्टर आणा: १ किलो-ओम, १५० किलो-ओम आणि १ मेगा-ओम. सोबत एक नवा, पाकिटबंद सिल्व्हर ऑक्साइड सेल.

ओमची पडताळणी: १ किलो-ओमचा रेझिस्टर मोजा. आकडा साधारण ९८० ते १०२० च्या मध्ये आला पाहिजे.

व्होल्टची पडताळणी: नवा सेल मोजा. १.५५ ते १.६ च्या आसपास आकडा यावा. दुसऱ्या एखाद्या चांगल्या मीटरने तोच सेल त्याच वेळी मोजून बघा.

मायक्रोअँपिअरची पडताळणी: सेल, १ मेगा-ओमचा रेझिस्टर आणि मीटर एकामागोमाग एक असे जोडा. १.५५ भागिले दहा लाख म्हणजे १.५५ मायक्रोअँपिअर. मीटरवर १.४ ते १.७ दिसले तर ठीक. मग १ मेगा-ओमच्या जागी १५० किलो-ओमचा रेझिस्टर लावा, आकडा १० च्या आसपास यायला हवा. एक आकडा निरोगी घड्याळाचा आणि दुसरा गळक्या घड्याळाचा. दोन्ही नीट दिसले की मीटर आपल्या कामाचा.

ही पडताळणी दर तीन महिन्यांनी करा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. मीटरच्या पडद्यावर बॅटरीचे चिन्ह आले की आधी मीटरची बॅटरी बदला. बॅटरी उतरलेला मीटर खोटे आकडे दाखवतो, आणि आपण निष्कारण घड्याळाला दोष देतो.

घड्याळाची वीज कशी मोजायची

व्होल्ट मोजताना मीटर बाजूला उभा राहून बघतो. अँपिअर मोजताना मात्र त्याला वाटेत उभे करावे लागते, वीज त्याच्यातूनच गेली पाहिजे.

१. घड्याळातला सेल बाहेर काढा. चावी आत दाबलेली ठेवा.
२. मीटर २०० मायक्रोअँपिअरवर आणा. लाल वायर त्या मापाच्या भोकात आहे ना, बघा.
३. सेलचे अधिक टोक एका बारीक वायरने घड्याळाच्या अधिक टोकाला जोडा.
४. मीटरची लाल पीन घड्याळाच्या उणे टोकाला आणि काळी पीन सेलच्या उणे टोकाला लावा.
५. दहा-पंधरा सेकंद आकड्यावर लक्ष ठेवा.

दर सेकंदाला काटा पुढे सरकताना आकडा वर उडी मारेल. ते बरोबर आहे. दोन टिकटिकींच्या मधला आकडा बघा. निरोगी घड्याळात तो सहसा एकाच्याही खाली असतो. मधला आकडाच ५, ८, १० वर बसून राहिला तर वीज गळते आहे. सर्किट आणि सेलची जागा साफ करून, सुकवून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष सापडला. आला नाही तर सर्किट किंवा पूर्ण मशीन बदलावे लागेल, आणि ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचे.

कधी कधी मीटर जोडल्यावर घड्याळ थांबते. घाबरू नका. मीटरच्या आतला रेझिस्टर टिकटिकीच्या क्षणी थोडे व्होल्टेज खातो, म्हणून मोटरला जोर कमी पडतो. तो घड्याळाचा दोष नव्हे. सरासरी आकडा नीट हवा असेल तर क्वार्ट्झ टेस्टर नावाचे खास यंत्र मिळते. काम वाढल्यावर त्याचा विचार करा, सुरुवातीला गरज नाही.

आपला पाऊस, आपली घरे

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात घामाने, ओलीने आणि खाडीकडच्या खाऱ्या हवेने घड्याळाच्या आत हिरवट-पांढरा थर येतो. मीटरच्या पिनांवरही तो येतो आणि माप चुकते. मीटर, रेझिस्टर आणि सेल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. मोजण्याआधी पिना कोरड्या फडक्याने पुसा. सेल बोटाने धरू नका, प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेल उतरतो.

दोन धोके मात्र कायम लक्षात ठेवा.

पहिला, ज्या मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात आहे तो कधीही घरातल्या प्लगमध्ये घालू नका. तिथे २३० व्होल्ट असतात. मोठा जाळ होऊन हात भाजतो. घड्याळाचा मीटर घड्याळापुरताच ठेवा.

दुसरा धोका घरातल्या लहान मुलांना. बटणासारखा सेल मूल सहज गिळते. विशेषतः लिथियमचा मोठा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजते. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायला लावू नका, वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या आणि सेल गिळला आहे हे डॉक्टरांना सांगा. नवे आणि काढलेले सेल मोजून कुलपात ठेवा. जुने सेल चुलीत टाकू नका, कचऱ्यातही टाकू नका, डब्यात साठवून बॅटरी गोळा करणाऱ्याकडे द्या.

गटाच्या पैशांतून घ्यायचा असेल तर

मीटर, चिमटे, भिंग, पाठचे झाकण उघडायचे हत्यार आणि थोडे सेल एवढ्यासाठी मोठ्या कर्जाची गरज पडत नाही. गटाचे अंतर्गत कर्ज पुरते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही आपली पंचसूत्री नीट चालत असेल तर अशा लहान गरजेला गटच पहिला आधार. पुढे दुकान थाटायचे झाले तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज आहे.

एकाच गावात दोघी-तिघी हे काम करणार असतील तर प्रत्येकीने साधा पण २०० मायक्रोअँपिअरचा मीटर घ्यावा, आणि एक चांगल्या खरेपणाचा मीटर ग्रामसंघात ठेवावा. बाकीच्यांनी आपापला मीटर दर तीन महिन्यांनी त्याच्याशी ताडून बघावा.

प्रत्येक घड्याळामागे वहीत एक ओळ लिहा: तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, सेलचा नंबर, ओझ्याखालचे व्होल्ट, कॉइलचे ओम, टिकटिकींच्या मधले मायक्रोअँपिअर. तीच माहिती छोट्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकालाही द्या. चार महिन्यांनी कोणी घड्याळ घेऊन परत आले तर वही उघडा, त्यांच्यासमोर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवा. सेलच खराब निघाला तर बदलून द्या. घड्याळ गळत असेल तर तेही त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पुढच्या मासिक बैठकीत, हे काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या भगिनींनी आपापला मीटर, एक नवा सेल आणि १ मेगा-ओमचा रेझिस्टर घेऊन यावे. चहा होईपर्यंत सगळ्यांचे मीटर ताडून होतील.